वाचकांचे प्रश्न : पट वाढला, वर्ग कुठून आणायचे?

जून महिन्यात शाळा उघडल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. यंदा बहुतेक पत्रे पुणे शहराच्या कडेने आली आहेत. वाघोली, उंड्री, मांजरी, धायरी आणि मुळशीकडील गावांतून आलेल्या या पत्रांतील गाऱ्हाणे थोड्याफार फरकाने सारखेच आहे. मुले वाढली, वर्ग वाढले नाहीत आणि विचारायला गेले तर ‘निधी नाही’ एवढेच उत्तर मिळते. त्यांतील निवडक पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत, गावे मात्र ठेवली आहेत, कारण कोणता कायदा आणि कोणते कार्यालय लागू पडते हे गावावरूनच ठरते.

‘माझी मुलगी पूर्वीच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत शिकते. गाव महापालिकेत गेले आणि शाळाही महापालिकेची झाली. तिच्या वर्गात ५८ मुले बसतात. जागा पुरत नाही म्हणून पहिली-दुसरीचे वर्ग सकाळी आणि बाकीचे दुपारी भरतात. मुख्याध्यापक म्हणतात, मागणी वर पाठवली आहे. ही मागणी जाते कोणाकडे, आणि इमारत बांधण्याची जबाबदारी नक्की कोणाची?’ — एक पालक, वाघोली

जबाबदारी महापालिकेची आहे आणि त्याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची जी बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत प्राथमिक शाळा चालवणे आणि त्यांना योग्य जागा पुरवणे हे एक आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ ने इमारत, शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य यांची सोय करण्याचे काम पुन्हा स्थानिक प्राधिकरणाकडेच दिले आहे. केंद्र आणि राज्य यांनी पैशाचा भार मिळून उचलायचा असे कलम ७ सांगते, परंतु त्यामुळे महापालिकेची सुटका होत नाही.

आता आपल्या ‘पाठवलेल्या मागणी’विषयी. वाघोलीसह २३ गावे ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आली. त्यापूर्वी ११ गावे ऑक्टोबर २०१७ मध्ये आली होती. गाव एका रात्रीत हद्दीत येते, पण शाळेच्या जमिनीची मालकी, तिच्या इमारतीची फाईल आणि तिच्यासाठी पैसा ज्या लेखाशीर्षातून यायचा ते लेखाशीर्ष या तिन्ही गोष्टी मागून, आपापल्या चालीने येतात. जिल्हा परिषदेच्या काळात वर्गखोल्या जिल्हा नियोजनाच्या किंवा केंद्र-राज्याच्या समग्र शिक्षा अभियानाच्या पैशातून आणि परिषदेच्या अभियंत्यांमार्फत बांधल्या जात. आता ते काम महापालिकेच्या शिक्षण विभागाने मागायचे आणि भवनरचना विभागाने करायचे असते. म्हणून पहिला प्रश्न मुख्याध्यापकांना विचारावा, तो असा की मागणी कोणत्या वर्षी, कोणत्या कार्यालयाकडे आणि कोणत्या जावक क्रमांकाने गेली. ती हस्तांतराच्या आधीची असेल, तर नव्याने करणेच शहाणपणाचे. दुसरा प्रश्न सातबाऱ्याचा. शाळेखालची जमीन आजही ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावावर असेल, तर पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तांत्रिक अंदाज, तयार होऊनही काम पुढे सरकत नाही. मालकीच्या कागदावाचून कोणताही अभियंता त्यावर सही करायला धजत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

वर्गातल्या ५८ मुलांबद्दल शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट स्पष्ट आहे. पहिली ते पाचवीत साधारणपणे ३० मुलांमागे एक शिक्षक, पट २०० च्या वर गेला तरी ४० पेक्षा अधिक नाहीत, आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. यातली मेख लक्षात घ्या. खोल्या शिक्षकांवरून मोजल्या जातात, शिक्षकांची पदे संचमान्यतेत ठरतात आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. जागा नाही म्हणून शाळेने ऑगस्टमध्ये २५ मुलांना तोंडी परत पाठवले, तर ती मुले पटावर येत नाहीत, पदे वाढत नाहीत आणि खोल्यांची गरज कागदावर जन्मालाच येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती शाळा पुरेशी वाटते. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या अनेक प्रकरणांत खरी गफलत या ठिकाणी होती, निधीत नव्हती.

त्यामुळे प्रवेश नाकारला गेल्यास पालकांनी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणे हेही कलम ९ अन्वये महापालिकेचेच काम आहे, तेव्हा ती नोंद मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. याच्या जोडीला शाळा व्यवस्थापन समिती जागी करावी. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. तिने केलेला शाळा विकास आराखडा हाच शासनाच्या आणि महापालिकेच्या अनुदानाचा आधार राहील, असे कलम २२ मध्ये लिहिले आहे. बहुतेक शाळांत हा आराखडा मागील वर्षाच्या आराखड्याची नक्कल असतो. त्यात ‘दोन खोल्या हव्यात’ असे एक वाक्य न लिहिता इयत्तावार पट, गेल्या तीन वर्षांतील वाढ, परत पाठवलेल्या मुलांची संख्या आणि जमिनीचा नकाशा एवढे जोडावे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असले, तरी विभागांच्या मागण्या त्याआधीच्या हिवाळ्यात गोळा होतात, म्हणून हा कागद दिवाळीपूर्वी क्षेत्रीय कार्यालयात आणि शिक्षण विभागात पोहोचायला हवा.

जाता जाता एक. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचनांनुसार अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे आणि पुष्कळ पालक तिकडे शाळेची मागणी भरतात. तेथे एका कामाला पाच लाखांची मर्यादा ठरवण्यात आली होती. स्वच्छतागृहाची दुरुस्ती किंवा पाण्याची टाकी त्यात बसते, इमारत बसत नाही.

‘मिळकतकराच्या बिलात मी चाळीस वर्षे शिक्षण कर भरत आहे. तो पैसा शाळांच्या इमारतींना का वापरत नाहीत?’ — एक ज्येष्ठ नागरिक, कोथरूड

आपण ज्या कराकडे बोट दाखवता, तो राज्य शासनाचा आहे. १९६२ च्या अधिनियमाने शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर बसवले गेले. महापालिका तो बिलात लावते, वसूल करते आणि शासनाच्या तिजोरीत भरते. आपल्या प्रभागातील शाळेशी त्याचे थेट नाते नाही. आपण आयकर भरत असाल तर त्यावर आणखी चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर २०१८-१९ पासून लागू आहे. तो केंद्राकडे जातो आणि उपकर असल्याने राज्यांना वाटायच्या करांच्या वाट्यात धरला जात नाही. त्यातला काही भाग केंद्राच्या शिक्षण योजनांतून खाली येतो, पण तो योजनेच्या निकषांनी येतो, आपल्या पेठेच्या नावाने येत नाही.

कर ज्याच्याकडून घेतला त्याच्या मुलांवर तो किती खर्च झाला, हा प्रश्न पुण्यात नवा नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हाच हिशेब मांडला होता. रयतेच्या कष्टांतून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो, असे सांगून त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. आपल्या प्रश्नाला त्या निवेदनाचा आधार आहे, एवढेच सांगायचे होते.

व्यवहारात, महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्राथमिक शिक्षणासाठीची एकूण तरतूद पाहून समाधान मानू नये. तिचा फार मोठा भाग वेतन आणि निवृत्तिवेतनाचा असतो. ‘भांडवली कामे’ या सदराखाली शाळा इमारतींना काय ठेवले आणि मागील वर्षी ठेवलेल्यापैकी किती खर्च झाले, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

‘आमच्या प्रकल्पातील सुविधा क्षेत्र विकसकाने महापालिकेच्या ताब्यात दिले, असे आम्हाला सांगण्यात आले. तेथे सध्या गवत आणि राडारोडा आहे. त्यावर शाळा होऊ शकते काय? सोसायट्यांनी वर्गणी काढून बांधली तर महापालिका परवानगी देईल काय?’ — गृहरचना संस्थेचे एक पदाधिकारी, उंड्री

या महिन्यात आलेल्या पत्रांत मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण शाळेच्या खर्चातला सर्वांत जड भाग ज्यावर अवलंबून असतो ती जमीन आपल्या दारात पडून आहे. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना त्याचा ठरावीक हिस्सा सार्वजनिक सुविधांसाठी सोडावा लागतो आणि शाळा ही त्यातली मान्य सुविधा आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने या हिश्शाचे नियम ठरवले आहेत. आपला प्रकल्प त्याआधीचा असेल तर त्या वेळचे नियम लागू होतील. ताबा खरोखर दिला गेला का, हे विकसकाच्या तोंडी शब्दावर सोडू नका. मालमत्ता व्यवस्थापन विभागाकडील ताबा पावती आणि जमिनीच्या उताऱ्यावरील महापालिकेचे नाव या दोन कागदांवर ते ठरते.

अशी जमीन आयती मिळणे किती मोलाचे आहे हे समजण्यासाठी दुसरी वाट पाहा. विकास आराखड्यात एखाद्या खासगी जमिनीवर शाळेचे आरक्षण पडते, तेव्हा ती जमीन महापालिकेची होत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे ती मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. वाटाघाटीने पैसे द्यावेत, जमिनीच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्यावा, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ती घ्यावी. तिसऱ्या मार्गात शहरी भागात बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम धरली जाते, म्हणजे किंमत सुमारे दुप्पट होते. आपल्या भागातील जमिनीचे आजचे भाव पाहता, इमारतीच्या खर्चापेक्षा तिच्या खालच्या जमिनीचा खर्च जास्त होतो. टीडीआरमध्ये तिजोरीतून रोख जात नाही, म्हणून महापालिकेला तो मार्ग आवडतो, पण तो मालकाला पटावा लागतो आणि टीडीआरचा भाव उतरला की मालक गप्प बसतो. दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत महापालिका हलली नाही तर आरक्षण संपते. शाळेचे आरक्षण असे व्यपगत झाल्याची बातमी लोकांना बहुधा तेथे इमारतीचा फलक लागल्यावर कळते.

२३ गावांत आणखी एक अडचण आहे. ती महापालिकेत आली तरी त्यांच्या विकास आराखड्याचे काम पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) राहिले, आणि पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप आराखडा पुढे रद्द करण्याचा निर्णय शासनाने घेतला. ज्या जागा शाळेसाठी म्हणून लोकांनी त्या नकाशावर पाहिल्या होत्या, त्यांवर विसंबून राहता येणार नाही. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत शाळेच्या आरक्षणाची लेखी सूचना देणे हे नंतरच्या दहा मोर्चांपेक्षा स्वस्त पडते.

सार्वजनिक कामासाठी जागा हाती यायला किती वेळ लागतो याचे उदाहरण शहराच्या मध्यभागीच आहे. १८४८ मध्ये जेथे सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, त्या भिडेवाड्याची जागा स्मारकासाठी ताब्यात येण्यास कोर्टकज्ज्यात वर्षानुवर्षे गेली आणि ताबा मिळाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. तेथे तर विरोध स्मारकाला नव्हता, मोबदल्याचा आणि गाळ्यांचा प्रश्न होता.

म्हणून आपल्या सुविधा क्षेत्रावर आधी हक्क नोंदवा. २०२१ मध्ये अशा जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव महापालिकेत आला होता आणि त्यावर शहरभर वाद झाला होता. ज्या जागेसाठी स्थानिकांची मागणी नोंदलेली नसते, ती जागा अशा प्रस्तावात सहज जाते. परिसरातील सोसायट्यांनी मिळून ३ ते १४ वयाच्या मुलांची साधी गणती करावी, सभेत ठराव करावेत आणि ते शिक्षण विभाग व मालमत्ता विभाग अशा दोन्हींकडे एकाच पत्राने द्यावेत. दोन विभागांना दोन वेगळी पत्रे दिली की ती एकमेकांना भेटत नाहीत.

वर्गणीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. महापालिकेच्या जागेवर संस्थेला परस्पर बांधता येत नाही. करार करून बांधले तरी शिक्षक कोण देणार, वीजबिल कोण भरणार आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ खालील मान्यता कोणाच्या नावाने मिळणार, हे प्रश्न इमारतीनंतर उभे राहतात. स्वयंअर्थसहाय्यित शाळा काढायची तर २०१२ चा वेगळा कायदा आहे, पण मग ती फी घेणारी शाळा होते. आपल्या सोसायटीतील घरकाम करणाऱ्या बाईंच्या मुलाला तिचा उपयोग किती, याचाही विचार व्हावा.

‘एका खासगी शाळेने प्रवेशाच्या वेळी नव्या इमारतीसाठी ऐच्छिक देणगी म्हणून मोठी रक्कम मागितली. पावती देण्याचीही तयारी आहे. द्यावी का?’ — एक पालक, मांजरी

देऊ नये. जाहीर केलेल्या शुल्काखेरीज प्रवेशाच्या वेळी घेतलेली कोणतीही देणगी किंवा वर्गणी शिक्षण हक्क कायद्याच्या व्याख्येत कॅपिटेशन फीच ठरते आणि तिला रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. राज्याचा १९८७ चा कायदाही तेच सांगतो. पावती मिळाल्याने ती कायदेशीर होत नाही, उलट तक्रारीसाठी पुरावा होते.

‘खासगी शाळांतील २५ टक्के जागांवर प्रवेश देऊन महापालिकेला नव्या शाळांचा खर्च वाचवता येणार नाही का?’ — एक वाचक, धायरी

दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्यात असलेली ती तरतूद सामाजिक सरमिसळीसाठी आहे, इमारतींना पर्याय म्हणून नाही. त्या जागा फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गात मिळतात, त्यामुळे मध्येच, तिसरीत किंवा पाचवीत, गावाहून आलेल्या मजुराच्या मुलाला त्याचा उपयोग होत नाही. शिवाय शासनाची शुल्कप्रतिपूर्ती थकते ही शाळांची जुनी तक्रार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून वगळण्याचा नियम केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा तरतूद कायम आहे, पण ती शाळा बांधणार नाही.

‘माझी लेक टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळच्या एका वाढत्या गावात राहते. तेथे शाळा कमी पडू लागल्या की लोक मतदान करून कर्जरोखे काढतात आणि दोन-तीन वर्षांत शाळा उभी राहते. पुण्यात हे का होत नाही?’ — एक आजी, बाणेर

आजी, तेथील व्यवस्थेचा पायाच वेगळा आहे. टेक्सासमध्ये शाळांसाठी स्वतंत्र निवडून आलेले मंडळ असते, त्याचा स्वतःचा मिळकतकर असतो आणि त्या कराचे दोन भाग असतात. एकातून शिक्षकांचे पगार व रोजचा खर्च, तर दुसऱ्यातून केवळ कर्जाचे व्याज आणि मुद्दल. नव्या इमारतींसाठी रोखे काढायचे तर मतदारांची संमती लागते, आणि २०१९ पासून तेथील मतपत्रिकेवर ‘ही मिळकतकरातील वाढ आहे’ अशा अर्थाचे वाक्य छापणे सक्तीचे आहे. कॅलिफोर्नियात पूर्वी दोन तृतीयांश मते लागत, २००० सालच्या सार्वमतानंतर ठरावीक अटींवर ५५ टक्के पुरतात. तेथेही सगळे सुरळीत असते असे नाही. रोखे मतदानात पडतात, आणि मग मुले वर्षानुवर्षे मैदानातल्या तयार खोक्यांच्या वर्गात बसतात. आपल्या लेकीला विचाराल तर तिला असे वर्ग ठाऊक असतील.

पुणे महापालिकेने कर्जरोखे काढलेच नाहीत असे नाही. जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले गेले. पिंपरी-चिंचवडनेही २०२३ मध्ये २०० कोटींचे काढले. पाण्याला पट्टी असते. प्राथमिक शाळा मात्र मोफत असते, म्हणजे तिच्या कर्जाची फेड सर्वसाधारण उत्पन्नातूनच करावी लागणार. कर्ज काढण्यासाठी येथे राज्य शासनाची परवानगी लागते, मतदाराची नाही. आपण नगरसेवक निवडतो, एखाद्या खर्चावर मत देत नाही.

हे करू नये असे मी म्हणणार नाही. पण आज शाळांसाठी रोखे काढले तर व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होईल आणि इमारत मात्र जागा ताब्यात येईपर्यंत सुरू होणार नाही. आधी दहा जागा मोकळ्या, मोजलेल्या आणि महापालिकेच्या नावावर असाव्यात, मग कर्जाची गोष्ट करावी. तेथील पद्धतीतले मला आवडते ते वेगळेच आहे. मतदाराला मत देण्यापूर्वी कोणती शाळा, किती रुपयांत आणि त्याच्या करात किती वाढ, हे सांगावे लागते. एवढी माहिती प्रभागवार छापायला कर्ज लागत नाही.

‘आमचे गाव अजून ग्रामपंचायतच आहे, पण इमारतींमुळे लोकसंख्या झपाट्याने वाढली. शाळेच्या चार खोल्या पाडाव्या लागणार आहेत आणि सहा नव्या हव्यात. पैसा कुठून मिळेल?’ — एक ग्रामपंचायत सदस्य, मुळशी तालुका

जुन्या खोल्यांचे निर्लेखन, म्हणजे त्या नोंदीतून कमी करणे, आधी मंजूर करून घ्या. ते झाल्याखेरीज त्या खोल्या यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीत ‘उपलब्ध’ दिसत राहतात आणि नव्यांची गरज कमी भासते. धोकादायक इमारतीचा अहवाल, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची पाहणी आणि निर्लेखनाचा आदेश हा क्रम आहे. पावसाळ्याआधी पाहणी झाली तर बरे.

पैशाच्या वाटा पुष्कळ आहेत आणि तीच अडचण आहे. समग्र शिक्षा अभियानात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देते. २०१८-१९ मध्ये जुन्या योजना एकत्र करून ते सुरू झाले. जिल्हा वार्षिक योजनेतून जिल्हा नियोजन समिती वर्गखोल्यांना पैसा देते, आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असल्याने तेथे पाठपुरावा राजकीयच असतो, हे उघड आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला ४० टक्के अबंधित होता. असा अबंधित पैसा शाळेच्या कामाला वळवण्यास आधी ग्रामसभेच्या आराखड्यात ते काम असावे लागते. खासदारांचा निधी वर्षाला पाच कोटींचा असतो, पण तो साऱ्या मतदारसंघात वाटायचा असतो. त्यातून एखाद-दोन खोल्या मागाव्यात, सहा नाहीत.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. एकाच इमारतीसाठी चार निधी जोडले, तर चार प्रशासकीय मान्यता, चार तांत्रिक मान्यता आणि चार निविदा होतात, आणि तळमजला एका ठेकेदाराचा, वरचा मजला दुसऱ्याचा असा प्रकार घडतो. पाया सहा खोल्यांचा एकदमच घालून घ्यावा आणि प्रत्येक निधीला स्वतंत्र, पूर्ण होणारा भाग द्यावा. जागा गायरानाची असेल तर ती शाळेसाठी देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्ज करून आदेश घ्या, नुसत्या वहिवाटीवर इमारत चढवू नका. गाव उद्या महापालिकेत गेले तर वाघोलीच्या पत्रातील अडचण आपल्याही वाट्याला येईल.

लोकसहभागाचे पुणे जिल्ह्यातले उदाहरण विचाराल तर शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीचे नाव घ्यावे लागेल. तेथे ग्रामस्थांनी जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी जमीन दिली आणि कंपनीच्या मदतीने वर्ग उभे राहिले. ज्यांनी जमीन दिली त्यांनी सर्वांत महागडी गोष्ट दिली होती.

‘आमच्या कंपनीला सामाजिक उत्तरदायित्व निधीतून शाळेची इमारत बांधायची आहे. पैसा तयार आहे, पण महापालिकेतून उत्तर येत नाही.’ — एक कर्मचारी, हडपसर

आपला निधी दीर्घ मुदतीचा नाही, ही यातली खरी गाठ आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते आणि एखादे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच नेता येते. जमिनीचा प्रश्न सुटलेला नसलेली शाळा चार वर्षांत पुरी होत नाही. म्हणून महापालिकेकडे ‘आम्ही कोठेही बांधू’ असे पत्र देऊ नका. जमीन ताब्यात असलेल्या, पण वरचा मजला बांधायचा राहिलेल्या शाळांची यादी मागा. बांधकाम भवनरचना विभागाच्या नकाशाप्रमाणे होईल आणि पूर्ण झाल्यावर इमारत महापालिकेच्या मालमत्ता नोंदीत जाईल, अशी अट करारात स्वतःहूनच घाला. राज्याने २०२३ मध्ये आणलेली दत्तक शाळा योजनाही कंपन्यांना वाट देते, पण शाळेला कंपनीचे नाव लावण्याच्या तरतुदीवर शिक्षकांची नाराजी होती. नावाची पाटी लहान ठेवलीत तर काम लवकर होईल, असा माझा अनुभव आहे.

‘आम्ही पेठेतील महापालिका शाळेत शिकवतो. पूर्वी दोन पाळ्यांत भरणारी शाळा आता अर्धी रिकामी आहे. ही इमारत विकून तो पैसा उपनगरांतील शाळांना का देऊ नये, असे काही लोक म्हणतात. आपले मत काय?’ — एक शिक्षिका, सदाशिव पेठ

विकू नये. मध्यभागातली मोकळी, महापालिकेच्या मालकीची जागा एकदा गेली की पुन्हा मिळत नाही, आणि पेठांतील जुन्या वाड्यांचा पुनर्विकास सुरू असल्याने तेथे उद्या मुले परतणारच नाहीत असे कोणी सांगू शकत नाही. उलट दिशेने, म्हणजे वाघोलीची मुले बसने पेठेत आणण्याची कल्पनाही काही पत्रांत आहे. पहिलीच्या मुलासाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे राज्याचे नियम सांगतात ते उगाच नाही. नगर रस्त्यावरच्या सकाळच्या रहदारीत सहा वर्षांच्या मुलाला रोज दोन तास बसवणे, हे शिक्षण म्हणता येणार नाही. दाट वस्तीत एकापेक्षा अधिक शाळा काढण्याचा विचार करावा असेही केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत आहे.

रिकाम्या मजल्यांचा उपयोग मात्र व्हावा. बालवाडी, अभ्यासिका किंवा शिक्षकांची प्रशिक्षणे तेथे भरवता येतील, म्हणजे इमारत शिक्षणाच्याच नावावर राहील. आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे की वरच्या दोन बंद खोल्यांत चाळीसेक बाके धूळ खात पडली आहेत. त्यांच्यासाठी मात्र कोणत्याही अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. जडवस्तू नोंदवहीतून ती कमी करून दुसऱ्या शाळेच्या वहीत जमा करण्याचा आदेश शिक्षण विभाग देऊ शकतो. मुख्याध्यापकांच्या सहीने बाकांची संख्या आणि स्थिती लिहून अर्ज करावा, आणि त्यात वाघोलीच्या शाळेचे नाव सुचवावे.